जोते परक्याचे, घर आपले



उरणची मिठागरे आता थोडीच उरली आहेत. पण ज्यांच्या आजोबांनी आगरात पाय भिजवले, त्यांना मक्ता म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आगराचा मालक एक आणि मीठ पिकवणारा दुसरा. पिकवणाऱ्याने बांध घालायचे, खाडीचे पाणी घ्यायचे, उन्हात राबायचे. आणि मालकाने मक्त्याच्या अटी बदलल्या की वर्षाचे सारे गणित फिरायचे. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो संगणकाचा आहे, दिसायला अगदी नवा. पण दुखणे तेच आहे, म्हणून आगरापासून सुरुवात केली.

न्हावा शेव्याचे बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. त्यानंतर आमच्या तालुक्यात खाचरांच्या जागी कंटेनरची गोदामे आणि यार्डे उभी राहिली. कंटेनर केव्हा आला, कोणत्या रांगेत ठेवला, भाडे किती झाले, गेटपास कोणाच्या नावाने निघाला, हे सारे आता संगणकावर चालते. त्यासाठी लागणारे प्रोग्रॅम मोठ्या कंपन्यांचे असतात तसे गल्लीतल्या एखाद्या होतकरू पोरानेही लिहिलेले असतात. माझा एक जुना विद्यार्थी त्यातलाच. मी शिकवतो अर्थशास्त्र. संगणक तो आपला आपणच शिकला, तेव्हा ते श्रेय मला घेता येत नाही. 2014 साली त्याने एका यार्डासाठी कंटेनरच्या नोंदीचा प्रोग्रॅम लिहून दिला. तो लिहिला जावा या भाषेत.

आता हे जावा काय आहे? जावामध्ये लिहिलेला प्रोग्रॅम स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. त्याच्याखाली आणखी एक प्रोग्रॅम लागतो, जो त्याला चालवतो. हा खालचा प्रोग्रॅम म्हणजे घराखालचे जोते समजा. भिंती, छप्पर, खिडक्या माझ्या विद्यार्थ्याने बांधल्या. जोते मात्र दुसऱ्याचे. घरात राहणाऱ्याला ते कधी दिसत नाही आणि दिसावे असे कोणाला वाटतही नाही.

हे जोते 1995 साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने बाजारात आणले आणि ते विनामूल्य दिले. त्यामुळे जगभर लोकांनी त्यावर घरे बांधली. 2010 च्या जानेवारीत ती कंपनीच ऑरॅकलने विकत घेतली. पुढे 2018 मध्ये ऑरॅकलने जावासाठी वर्गणी जाहीर केली. 2019 च्या जानेवारीनंतर जावा 8 च्या विनामूल्य दुरुस्त्या धंद्याच्या वापरासाठी बंद झाल्या आणि 16 एप्रिल 2019 पासून नव्या दुरुस्त्यांबरोबर नवा परवाना आला. घरगुती वापराला आणि प्रोग्रॅम लिहून पाहायला पैसे नाहीत. धंद्यात चालवायचे तर वर्गणी भरा.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि तीच नेमकी नजरेतून सुटते. एप्रिलच्या आधीची जी प्रत तुमच्या संगणकावर होती, ती जुन्याच अटींवर तुमच्याकडे राहिली. ती वापरायला कोणी मनाई केली नव्हती. फक्त तिला सुरक्षिततेच्या नव्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या. नवी अट लागू होत होती ती नवी प्रत उतरवून घेतल्यावर. आणि उतरवून घेणे म्हणजे काय, तर पडद्यावर एक चौकट येते, ‘मान्य आहे’ अशा अर्थाचे बटण दाबायचे, झाले. यार्डातल्या ऑपरेटरने 2020 मध्ये ते बटण चारही संगणकांवर दाबले. त्याचा काय दोष? संगणक सांगतो आहे, नवे घ्या, तर त्याने घेतले. चौकटीतला मजकूर इंग्रजीत होता आणि बाहेर गेटवर ट्रेलरची रांग लागली होती.

तीन वर्षे कोणाला काही कळले नाही. मग यार्डाच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने, आपला माल ठेवण्याआधीची चौकशी म्हणून, यार्डात वापरल्या जाणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमची आणि परवान्यांची यादी मागितली. मालकाने विद्यार्थ्याला बोलावले. तो यादी करायला बसला आणि रात्री माझ्याकडे आला. म्हणाला, “सर, जरा आकडेमोड तपासून बघता का? माझं काहीतरी चुकतंय.”

चुकत नव्हते. 2018 चा जाहीर दर असा होता की टेबलावरच्या संगणकासाठी दर वापरणाऱ्यामागे महिना अडीच डॉलर. चार माणसांचे दहा डॉलर. मोठ्या संगणकाचे निराळे, पण तेही आवाक्यातले. 2023 च्या जानेवारीत मात्र नव्याने वर्गणी घेणाऱ्यांसाठी मोजण्याची रीतच बदलली. आता वापरणारे मोजायचे नाहीत, संस्थेतली सगळी माणसे मोजायची. कायम, हंगामी, अर्धवेळ सगळी. इतकेच नव्हे, तर धंद्याच्या अंतर्गत कामाला हातभार लावणारी कंत्राटदाराची माणसेसुद्धा. हजाराच्या आत माणसे असलेल्या संस्थेला दरमाणशी महिना पंधरा डॉलर. यार्डात स्वतःची साठ आणि कंत्राटदाराची पंचवीस माणसे होती. पंच्याऐंशी गुणिले पंधरा, महिना 1,275 डॉलर. वर्षाचे 15,300. रुपयांत बारा लाखांच्या वर. ज्याने जन्मात संगणकाला हात लावला नाही तो क्रेनवाला त्यात आहे आणि झाडलोट करणारी बाईही आहे. प्रोग्रॅमचे विद्यार्थ्याला मिळाले होते एकदाच, दीड लाख.

मला यात ऑरॅकलला शिव्या घालायच्या नाहीत. जोत्याची डागडुजी करायला माणसे लागतात, त्यांना पगार द्यावा लागतो आणि फुकटाची सवय ही आपलीच खोड आहे. पुढे सप्टेंबर 2021 मध्ये जावा 17 पासून त्याच कंपनीने नव्या आवृत्त्या ठरावीक मुदतीपर्यंत धंद्यालाही विनामूल्य दिल्या, हेही सांगितले पाहिजे. माझी तक्रार मोजमापाबद्दल आहे. कामाचा आणि मोलाचा संबंध तुटला की छोट्या माणसाला अंदाजच बांधता येत नाही.

यार्डाचे मालक म्हणत होते, “अहो, आम्ही पैसे मोजून विकत घेतलंय, आता कसले पैसे?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आंध्र प्रदेश सरकार यांच्या खटल्यात, तबकडीवर तयार विकले जाणारे सॉफ्टवेअर हा विक्रीकराच्या दृष्टीने मालच आहे असे ठरवले होते. मग 2 मार्च 2021 रोजी एका आयकराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने खुलासा केला की, अशी प्रत घेणाऱ्याला ती वापरता येते, पण तिच्यातले मूळ स्वामित्व त्याच्याकडे येत नाही. म्हणजे पुस्तक तुमचे, ते छापण्याचा हक्क तुमचा नव्हे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 ने मात्र रीतसर प्रत बाळगणाऱ्याला एक सवलत दिली आहे: नुकसान होऊ नये म्हणून जादा प्रत करून ठेवता येते. पण यार्डाच्या मालकाने विकत घेतले होते ते घर. जोत्याची बोलणी त्याने कोणाशीच केली नव्हती, आणि माझ्या विद्यार्थ्यानेही त्याला तसे सांगितले नव्हते. ही चूक विद्यार्थ्याची, असे मी त्याला तोंडावर म्हटले. तो गप्प बसला.

आता वाट कशी निघाली ते सांगतो. सन कंपनीने 2006 च्या नोव्हेंबरमध्येच जावा खुल्या परवान्याखाली सोडण्याची घोषणा केली होती. त्यातून ओपनजेडीके ही खुली आवृत्ती आली. अट पाळणाऱ्याकडून मोकळीक काढून घेता येऊ नये, अशीच त्या परवान्याची घडण आहे. तिच्यावरून टेमुरिन, कोरेटो अशी जोती तयार मिळतात आणि ती धंद्यालाही विनामूल्य आहेत. म्हणजे जोते बदलायचे, घर तसेच ठेवायचे. ऐकायला किती सोपे!

पहिल्याच दिवशी गेटपास बिघडला. ऑरॅकलच्या जावा 8 बरोबर ल्युसिडा नावाच्या वळणाची अक्षरे येत. खुल्या आवृत्तीत ती नसतात. दुसरी अक्षरे आली, ती थोडी रुंद होती, आणि छापील कागदावर कंटेनरचा क्रमांक शेजारच्या रकान्यात घुसला. गेटवरच्या पहारेकऱ्याने ट्रेलर अडवला; त्याचेही बरोबरच होते. विद्यार्थ्याने दोन रात्री जागून मांडणी नव्याने बसवली. मग आठवडाभर एका संगणकावर नवे आणि तिघांवर जुने असे चालवले, दोन्हींचे हिशेब ताडून पाहिले आणि मगच बाकीचे बदलले. गिऱ्हाइकाला यादी गेली. या कामाचे त्याने मालकाकडून काही घेतले नाही. मला वाटते, थोडे घ्यायला हवे होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे सारे बंदरावरचे झाले, आपल्याला काय, असे म्हणू नका. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले निकालपत्रकाचे किंवा पतपेढीच्या हिशेबाचे प्रोग्रॅम तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले की याची पुढची आवृत्ती निघणार नाही, आणि जानेवारी 2015 मध्ये तिची देखभालही थांबली. तिथे कोणी भाडे मागितले नाही. मालकच घर सोडून गेला. पण फॉक्सप्रोची माहिती डीबीएफ नावाच्या साध्या फायलींत असते आणि त्या विनामूल्य मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्येही उघडतात. ज्या शाळेने या फायली जपून ठेवल्या, तिचे जुने निकाल आजही वाचता येतात. म्हणून कार्यालयासाठी नवा प्रोग्रॅम घेताना विक्रेत्याला विचारा: याच्याखाली कोणाचे काय आहे, त्याचे पैसे उद्या मागितले तर ते तुम्ही भरणार की आम्ही, आणि आम्ही तुम्हाला सोडून गेलो तर आमची माहिती कोणत्या रूपात आमच्या हातात देणार? उत्तर तोंडी ऐकू नका, कागदावर घ्या.

माझा विद्यार्थी आता दरपत्रकाच्या पहिल्याच पानावर जोत्याचे नाव, आवृत्ती आणि परवाना मराठीत लिहितो. दोन गिऱ्हाइकांनी विचारले, हे कशाला? तिसऱ्याने काही न विचारता सही केली. यार्डातल्या चार संगणकांवर मात्र नवी प्रत घेण्याची चौकट आली की ऑपरेटर बटणाला हात लावत नाही. ट्रेलर थांबलेला असला तरी आधी फोन करतो.