पाट्या उतरवा



ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानं वाङ्मयाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. फादर स्टीफन्सच्या 1616 मधल्या 'ख्रिस्तपुराणा'पासून निघून आजच्या कवींपर्यंत पोचेतो माझी वेळ संपेल आणि जे बोलायला मी इथं उभा आहे ते राहून जाईल. हे व्यासपीठ मला पुन्हा मिळणार नाही. तेव्हा आढावा नाही. मी पाट्यांवर बोलणार आहे.

कुठल्या पाट्या, हे तुम्हाला सांगायला नको. ज्यांच्याविरुद्ध लिहिलेला माझा लेख छापखान्याच्या दारातून परत आला, ज्यांच्यावरून अध्यक्षपदाच्या माझ्या निवडीविरुद्ध पत्रकं वाटली गेली, त्याच, देणगीदारांच्या नावांच्या. उपासना मंदिरातल्या बाकावर पाटी, पंख्याच्या पात्यावर नाव, पुलपिटावर पितळी अक्षरं, पाण्याच्या टाकीवर सगळं खानदान. प्रभुभोजनाच्या मेजावरही मी देणगीदाराचं नाव कोरलेलं पाहिलं आहे. भाकर हातात घेताना नजर क्रूसावर जायची ती त्या नावावर जाते. हे मला सहन होत नाही.

'माणूस चार पैसे देतो, नाव लावलं तर बिघडलं कुठं?' असं विचारतात. मत्तयाचा सहावा अध्याय उघडा. दान, प्रार्थना, उपास या तीन गोष्टी प्रभूनं एकापाठोपाठ घेतल्या आणि लोकांना दिसावं म्हणून यातलं काहीही करायला मनाई केली. आपण तिन्हींत ती मनाई मोडली. दान संगमरवरावर गेलं. प्रार्थना कर्ण्यावर गेली. संजीवन सभेनं शेजारची वस्ती रात्रभर जागी ठेवली म्हणजे आत्मा उतरला, असं मानणारे पुढारी आपल्यात आहेत. ते आज आलेले नाहीत, तरी माझं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचेल. उपासाचे फोटो चाळीस दिवस मोबाइलवर येतात. हंगामाच्या सणाला लिलावात नारळाची बोली हजारांवर चढते आणि बोली करणाऱ्याचं नाव तीनदा पुकारलं जातं. परसातली मेथीची जुडी घेऊन आलेली विधवा मागच्या बाकावर बसून असते. तिच्या जुडीला बोली लागत नाही.

पाटी भिंतीवरच थांबत नाही, हे नीट ऐका. पाटी लावणारा पुढच्या वर्षी मंडळीचा पंच होतो. पंच झाला की पाळकानं काय उपदेश करायचा हे तो ठरवतो, आणि पाळक ऐकेना तर त्याच्या बदलीसाठी सह्या गोळा करतो. आपल्या मंडळ्यांतल्या फुटी, मालमत्तेचे दावे, तरुण मुलांनी उपासनेकडे फिरवलेली पाठ, सगळ्याच्या मुळाशी मला पाटीच दिसते. आपल्या पुस्तकांना वाचक नाहीत तेही यामुळेच. माणसाला आपलं नाव वाचायची सवय लागली, मग तो दुसऱ्याचं लिहिलेलं कशाला वाचेल?  

माझी आजी नेवाशाकडच्या एका खेड्यातली. तिला अक्षरओळख नव्हती. भाकरी थापायला बसली की पिठातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची आणि रविवारी ते पीठ पदराखाली झाकून मंडळीत न्यायची. बांधाच्या तंट्यावरून आम्हाला कोर्टात खेचणाऱ्या घरची सून अडली, तेव्हा रात्री कंदील घेऊन तिच्या उशाशी बसायला आजीच गेली. आजोबा कित्येक दिवस तिच्याशी बोलले नाहीत. साक्षीच्या सभेत ती यातलं अवाक्षर बोलली नाही. मला हे तिच्यामागं आत्यानं सांगितलं. त्या मंदिरात आजीच्या नावाची पाटी नाही, आणि कुणी लावू म्हटलं तर मी लावू देणार नाही.

ज्यांची नावं आपण प्रत्येक संमेलनात घेतो, ती माणसं तरी कशी होती? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडातला. ख्रिस्ती धर्म पत्करला तरी ख्रिस्त अजून भेटलेला नाही, हे त्यांना पुढं काही वर्षांनी उमगलं, आणि त्यांनी ते आपल्या साक्षीत जगासमोर मांडलं. एवढी विदुषी हे कबूल करते आणि आपण बाप्तिस्म्याचा दाखला फ्रेम करून भिंतीला लावतो! त्यांनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. तिथल्याच मुलींनी खिळे जुळवून ते छापलं. 1922 मध्ये बाई गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही त्यात जागा होती. आज कुणी असा दरबार भरवला, तर पहिली तक्रार आपल्यातलेच पंच करतील.

आता जुनी पुस्तकं जपायला लागणाऱ्या पैशांचं. बाबा पदमनजींचं 1857 मधलं 'यमुनापर्यटन' आपल्या किती घरांत आहे? 1842 मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'चे जुने अंक ज्यांच्या माळ्यावर असतील, त्यांनी आज घरी जाऊन वाळवी लागली आहे का ते पाहावं. पाटीच्या संगमरवरासाठी पैसे निघतात, त्या अंकांच्या बांधणीसाठी निघत नाहीत. त्यासाठी मी वर्षानुवर्षं पंचांच्या पायऱ्या झिजवतो आहे. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो, पुस्तकावर नाव कुणाचं येणार?

उद्या सकाळच्या सत्रात मी ठराव मांडतो आहे. यापुढं संमेलनाच्या कुठल्याही पुस्तकावर, मंडपावर, स्मृतिचिन्हावर देणगीदाराचं नाव येणार नाही. देणगी बंद पेटीत पडेल आणि तिचा पै-पैचा हिशोब छापला जाईल. 'देणग्या आटतील' म्हणून घाबरवणारे कालपासून राहुट्यांतून फिरत आहेत. आटू द्या. अध्यक्षाचा फोटो असलेला दारावरचा फ्लेक्स मी सकाळीच उतरवायला लावला आहे. मतदान गुप्त नको, हात वर करून घ्या. पाटी कुणाला हवी आहे ते सगळ्यांना दिसू द्या.