‘कॅटल’ आणि आपली गुरं



आजचा विषय एका इंग्रजी शब्दाचा असला, तरी सुरुवात मला मुरबाड तालुक्यातून करायची आहे. पौष पौर्णिमेला तिथं म्हशाची जत्रा भरते. आपल्या ठाणे जिल्ह्यातला हा नावाजलेला गुरांचा बाजार. बाजारात बैलाचं वय कुणी वर्षांत सांगत नाही. जबडा उघडून बघायचं आणि बोलायचं: आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती, सहा दाती, आठही आले की ‘जुळला’. गुरांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, तेही आठच. दुधाचे पडून पक्के येतात ते जोडीजोडीनं, म्हणून शेतकऱ्याचा हा हिशेब पक्का असतो.

इंग्रजीत या साऱ्या दावणीला एक शब्द आहे, कॅटल. लॅटिनमध्ये ‘कापुत’ म्हणजे डोकं. त्यावरून मुख्य या अर्थाचा ‘कापितालिस’ आला आणि मध्ययुगात ‘कापिताले’ म्हणजे मुद्दल, मालमत्ता असा अर्थ रुळला. उत्तर फ्रान्सच्या बोलीत त्याचं ‘कातेल’ झालं आणि नॉर्मन राज्यकर्त्यांच्या भाषेतून ते इंग्लंडात पोचलं. तिथं आरंभी कॅटल म्हणजे कुठलीही जंगम मिळकत. खेड्यातल्या माणसाची जंगम मिळकत मुख्यतः गोठ्यातच असायची, त्यामुळे शब्द हळूहळू जनावरांपुरता उरला. बराच काळ त्यात घोडे, मेंढ्या, डुकरंही मोडत. गाई-बैलांपुरता तो पुढं झाला. पॅरिसच्या बोलीतून तोच शब्द दुसऱ्यांदा आला, त्याचं ‘चॅटल’ झालं आणि ते कायद्याच्या कागदांत राहिलं. तिसरा भाऊ ‘कॅपिटल’. लोकलमध्ये बसून शेअर बाजाराचे आकडे बघणारा डोंबिवलीकर आणि म्हशाला बैल बघणारा शेतकरी, दोघांच्या हातात मुळात एकच शब्द आहे.

आपल्याकडे काय झालं? ‘गोधन’ आपणही म्हणतो. पण रोजच्या तोंडातला ‘गुरू’, ज्याचं अनेकवचन ‘गुरं’, तो संस्कृत ‘गोरूप’पासून आला. बंगालीतला ‘गोरु’ही तिथलाच. ‘वत्सरूप’चं वासरू झालं. या ‘वत्स’ शब्दाशी मला थोडं थांबायचं आहे. त्याचं नातं ‘वत्सर’ म्हणजे वर्ष या शब्दाशी आहे. वत्स म्हणजे वर्षाचं पिल्लू. लॅटिनमधला वासराचा शब्द ‘वितुलुस’ याच कुळातला, आणि त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘व्हील’ आला, म्हणजे वासराचं मांस. इकडं त्याच वत्सापासून ‘वात्सल्य’ घडलं. एका मुळाच्या दोन फांद्या इतक्या लांब गेलेल्या बघितल्या की मला आजही अंगावर काटा येतो.

गोठा आला ‘गोष्ठ’वरून. त्याच गोष्ठात माणसं जमली, बोलत बसली, त्याची ‘गोष्ठी’ झाली आणि आपली ‘गोष्ट’ झाली. हरवलेल्या गाईंचा शोध ती गवेषणा. आज आपण संशोधनाला हा शब्द लावतो. इंग्रजीतला ‘ऑक्स’ हा संस्कृत ‘उक्षन्’चा सख्खा नातलग, आणि ‘काऊ’ आपल्या ‘गो’चा. मालमत्तेचा शब्द इंग्रजांनी बाहेरून घेतला. जनावराचा स्वतःचा शब्द त्यांच्याही घरात जुनाच होता.

पण व्युत्पत्तीपेक्षा मला काळजी वाटते ती आपल्या भाषेतल्या बारकाव्यांची. कालवड, गोऱ्हा, खोंड, वळू, देवाला सोडलेला पोळ. म्हशीची वगार, पारडू, रेडकू, हेला, टोणगा. गाभण, पहिलारू, दुभती, भाकड. गाय व्याली म्हणायचं, बाई बाळंत झाली म्हणायचं. १८३१ साली मोल्सवर्थांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत छापला गेला, १८५७ला त्याची वाढवलेली आवृत्ती आली. अशा कितीतरी शब्दांसमोर त्यांना इंग्रजीत एका शब्दाऐवजी अख्खं वाक्य लिहावं लागतं, कारण समोर तोलाचा शब्दच नसतो.

हे शब्द कामातून आले होते. आपल्या भागातला डांगी बैल बघा. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, म्हणून आषाढातल्या मुसळधार पावसात चिखलणीला तो टिकतो. भोपर, निळजे, घारिवली, सांदप इथं भातखाचरं होती तोवर अशी चिखलणी दरवर्षी व्हायची. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ची. खाचरांवर इमारती उठल्या त्या बहुतेक आपल्या डोळ्यांदेखत. बैल गेले तसा त्यांच्यासाठीचा शब्दही तोंडातून गेला.

म्हणून या सभागृहातल्या तरुणांना माझं एक काम आहे. तुमच्या इमारतीच्या मागंच जुनं गाव आहे. तिथल्या आजी-आजोबांशी बोला. म्हशीच्या पिल्लाला त्यांच्याकडं पारडू म्हणत की रेडकू, दूध आटलेल्या गाईला काय म्हणत, कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या बैलाला कोणत्या नावानं हाक मारत, हे त्यांच्याच उच्चारात टिपून घ्या. शब्दापुढं गावाचं नाव लिहायला विसरू नका, कारण उल्हास नदीच्या या काठावरचा शब्द त्या काठावर वेगळा असू शकतो.