किती पळाली, की कशी पळाली?



सेकंडहँड मोटारसायकल बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती पळालीय?" विकणाऱ्याकडे उत्तर तयारच असते. मीटरवर वीस हजार दिसले की घेणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि सत्तर हजार दिसले की पडतो. माझी नोकरी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा म्हणजे, ती कशी पळाली?

आज हे बोलण्याला कारण आहे. १९८३ मध्ये राजदूत ३५० आणि १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० रस्त्यावर आली, तेव्हा वेगाची गाडी ही मोजक्या लोकांची हौस होती. पुढे २००३ मध्ये करिझ्मा आली, २००८ मध्ये आर-१५ आली आणि ही हौस कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचली. ती पोरे आता चाळिशीला टेकली. घरात चारचाकी आली, मुले झाली आणि पार्किंगमध्ये धूळ खाणारी स्पोर्ट्स मोटारसायकल विकायला निघाली. शंभर सीसीच्या नव्या गाडीच्या निम्म्या पैशात ती मिळते. रोज कामावर जायला वाहन हवे असलेला, पण नव्या गाडीचा हप्ता न झेपणारा तरुण तिच्याकडे वळतो, यात नवल नाही.

माझ्या पुतण्याचेच उदाहरण घ्या. भोसरीत राहतो, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर हजार किलोमीटर, वर्षाचे बारा हजार. उशीर झाला की अर्धा दिवस कापला जातो आणि दांडी झाली तर पूर्ण. त्याने दोन गाड्या हेरल्या होत्या. दोन्ही २०१३ च्या, दीडशे सीसीच्या. एकीच्या मीटरवर अठरा हजार, दुसरीच्या मीटरवर अडुसष्ट हजार. तो म्हणाला, "काका, पहिलीच घेऊ ना? कमी पळालीय."

मी त्याला पहिल्या गाडीच्या फूटरेस्टचे रबर दाखवले. घासून गुळगुळीत झाले होते. ब्रेकच्या पायपट्टीची नक्षी गेली होती, मुठी झिजलेल्या, किल्लीचे दात बोथट. अठरा हजारांत एवढी झीज होत नाही. मीटर बदलता येतो, त्याची वायर काढून ठेवता येते. पण पायाखालचे रबर खोटे बोलत नाही. दुसऱ्या गाडीची झीज मीटरला शोभेल अशीच होती आणि मालकाने सर्व्हिसिंगची बिले फायलीत लावून ठेवली होती. तो तिच्यावरून रोज हमरस्त्याने कामावर जात असे. गरम झालेले इंजिन एका लयीत चालते तेव्हा कमी झिजते. थंड इंजिन सुरू करून दोन गल्ल्या फिरवायचे, बंद करायचे, पुन्हा चालू करायचे, याने ते जास्त झिजते. म्हणून पळालेल्या गाडीला भिऊ नये, पळवलेल्या गाडीला भ्यावे.

आता गाडी तपासायची कशी? मालकाला आधीच सांगावे, की आम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. गेल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन बघावा. गरम लागले तर थंड इंजिनाची कुरकुर लपवली असण्याची शक्यता असते. गाडी सुरू करून सायलेन्सरमागे उभे राहावे. चालू करताच निळसर धूर येऊन थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेले आहेत. रेस केल्यावर निळा धूर वाढत गेला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिन उतरवण्याचा खर्च पुढे उभा आहे. थंडीतल्या सकाळी थोडी पांढरी वाफ येते, तिला घाबरायचे कारण नाही. टायमिंग चेनची खडखड मात्र कान देऊन ऐकावी.

गाडी मधल्या स्टँडवर किंवा दगडी ठोकळ्यावर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवावे. मध्यभागी अडकल्यासारखे झाले तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यांवर तेलाचा ओघळ दिसतो का, मागचे स्प्रॉकेटचे दाते वाकलेत का, हे बघावे. टायरच्या कडेला चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१७' म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही खोल दिसली, तरी इतका जुना टायर कडक झालेला असतो आणि पावसात दगा देतो.

ब्रेकबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगतो. सव्वाशे सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची व्यवस्था एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना ती नाही. वेग आहे, पण ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला तर सावरणारे कोणी नाही. म्हणून जुनी स्पोर्ट्स गाडी घेतली, की पहिला खर्च टायर, डिस्कचे पॅड आणि ब्रेक ऑइल यांवर करावा. स्टिकर, सायलेन्सर आणि दिव्यांची हौस त्यानंतर.

या गाड्यांची बैठकही समजून घेतली पाहिजे. हँडल खाली, पाय मागे, शरीर पुढे झुकलेले. मोकळ्या रस्त्यावर मजा वाटते. पण तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलात तर सारा भार मनगटांवर येतो आणि इंजिनाची ऊब मांड्यांना लागते. पाण्यावर थंड होणारे इंजिन असेल तर ट्रायल घेताना गाडी उभी ठेवून चालू राहू द्यावी आणि रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो का, हे बघावे. बाजूच्या प्लॅस्टिकच्या आवरणामागे तेलाची गळती आणि जुन्या अपघाताच्या खुणा दडतात. ते उतरवून बघू देत नसेल, तर तो सौदा सोडावा.

आणखी एक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वायसर त्यासाठी बनवलेले नव्हते. नळ्यांना चिरा पडल्यात का, ते पाहून गरजेप्रमाणे बदलून घ्यावेत.

कागदपत्रांकडे लोक शेवटी वळतात. तिथे सुरुवात करावी. आरसीवरचा इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरच्या ठशाशी ताडून पाहावा. बँकेचा बोजा असेल तर ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. थकलेले ई-चलान तपासावे. २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबरप्लेट बसवली आहे का, हे विचारावे. नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०१३ च्या गाडीची २०२८ ला संपणार; पुढे तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर आला. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घेण्यात आळस नको. हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. अपघात झाला तर आरसीवर ज्याचे नाव तोच मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात सांगितले आहे.

शेवटी पैशांचा हिशेब. पुतण्याने अडुसष्ट हजारवाली गाडी बेचाळीस हजारांना ठरवली. हातात पंचावन्न होते. उरलेल्या तेरांतून दोन टायर, चेनसेट, ब्रेकचे काम, बॅटरी आणि विमा झाला. लिटरला चाळीस किलोमीटर धरले तर महिन्याला पंचवीस लिटर पेट्रोल लागते. साठ देणाऱ्या साध्या गाडीला सतरा लिटर. हा आठ लिटरांचा फरक दर महिन्याला खिशातून जाणार, हे त्याला मी कागदावर मांडून दाखवले आणि मगच 'घे' म्हटले.

म्हणून माझे सांगणे इतकेच आहे. जेवढे पैसे जवळ आहेत तेवढ्याची गाडी घेऊ नका. चौथा हिस्सा मागे ठेवून घ्या. तो हिस्सा उरत नसेल, तर शंभर सीसीची जुनी, साधी गाडी बरी. तीही कामावर वेळेत पोचवते. आणि मीटरवर मोठा आकडा दिसला, तर लगेच पाठ फिरवू नका. त्या आकड्यामागे बिलांची फाईल आहे का, एवढे विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)