शाब्दिक उदाहरणे व पट्टीचित्र



प्राथमिक शाळेत गणिताची धास्ती बहुधा बेरीज-वजाबाकीने बसत नाही. ती शाब्दिक उदाहरणापाशी बसते. शिरूर अनंतपाळ तालुक्यातील एखाद्या वर्गात पुढील उदाहरण घालून पाहावे : ‘एका शेतकऱ्यास ४५ पोती सोयाबीन झाले. ते शेजाऱ्यापेक्षा १२ पोत्यांनी जास्त आहे. तर शेजाऱ्यास किती पोती झाली?’ काही मुले हमखास ५७ असे उत्तर देतील. त्यांची बेरीज बिनचूक असते. चुकलेले असते ते वाचन. ‘जास्त’ दिसले की मिळवावे, ‘कमी’ दिसले की वजा करावे, अशी खूणगाठ त्यांनी बांधलेली असते. अशा मुलास ‘गणितात कच्चा’ ठरविणे हा त्याच्यावर अन्याय होय.

यावर सोपा उपाय म्हणजे पट्टीचित्र. शेतकऱ्याच्या ४५ पोत्यांची एक लांब पट्टी काढावी. तिच्या खाली, डावी कड जुळवून, शेजाऱ्याची आखूड पट्टी काढावी. वरच्या पट्टीचा जो भाग पुढे राहतो, तो १२ पोत्यांचा. आता कोणाचे अधिक व कोणाचे उणे, हे मुलास डोळ्यांनी दिसते आणि ३३ हे उत्तर तो स्वतः काढतो.

सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत ही रीत १९८० नंतरच्या दशकात रूढ झाली. तत्पूर्वी, १९६६ साली, जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कृती, चित्र व चिन्ह हा ज्ञानाचा क्रम विशद केला होता. आपल्या खेड्यांत कृतीसाठी खर्चाची गरज नाही. ज्वारीच्या धांड्याचे समान तुकडे करावेत. ‘सोयाबीन व तूर मिळून ४० क्विंटल, सोयाबीन तुरीच्या तिप्पट’ असे उदाहरण असल्यास तुरीचा एक तुकडा व सोयाबीनचे तीन तुकडे मांडावेत. चार तुकडे मिळून ४० क्विंटल, म्हणून एक तुकडा १० क्विंटलचा. ‘तिप्पट’ हा शब्द वाचून ४० ला ३ ने भागावयास निघालेला मुलगा येथे आपोआप थांबतो. त्यानंतर तेच तुकडे पाटीवर पट्ट्यांच्या रूपाने काढावेत आणि शेवटी अंकांकडे वळावे.

कठीण उदाहरणासही ही रीत पुरी पडते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) भुंग्यांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. थव्याचा पाचवा हिस्सा एका फुलावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, या दोहोंतील फरकाची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा उरला. पट्टीचे १५ समान भाग करावेत. पाचवा हिस्सा ३ भाग, तिसरा ५; फरक २, त्याची तिप्पट ६. एकूण १४ भाग गेले, एक उरला. तो एका भुंग्याचा, म्हणून थवा १५ भुंग्यांचा. बीजगणित न शिकलेल्या मुलासही हे कळते.

मात्र काही पथ्ये पाळावीत. फळ्यावर तयार चित्र काढून ते उतरवून घेऊ नये. पट्टी मुलानेच काढावी. उदाहरण त्याने प्रथम स्वतःच्या शब्दांत सांगावे. पट्टीच्या सुबकपणास गुण देऊ नयेत. कोणती पट्टी लांब व का, हे विचारावे. चुकीची पट्टी पुसण्यापूर्वी ती तशी का काढली, हेही विचारावे, कारण मुलाचा गैरसमज तेथेच उघड होतो. ज्यास संबंध मनातच दिसू लागला, त्याच्यावर चित्राची सक्ती करू नये.

उद्या याच मुलांच्या हाती आडत दुकानाची हिशेबपट्टी येईल. एकूण रक्कम किती, हमाली व तोलाई किती वजा झाली, हाती किती उरावयास हवे, हे ज्यास स्वतः मांडून पाहता येईल, त्यास दुसऱ्याच्या आकड्यावर निमूटपणे विसंबावे लागणार नाही.