गळा कुणाचा, गाणं कुणाचं?

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चिटणीसांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "हॉलिवूडचे जुने संगीतपट." पलीकडे क्षणभर शांतता. मग ते हळूच म्हणाले, "काका, गणपतीत?" मी म्हटलं, अहो, तो चौसष्ट कलांचा अधिपती आहे. गाणं, नाच आणि नाटक एकाच तिकिटात मिळत असेल तर त्याची काही हरकत नसावी. तेव्हा आज आपण जरा अमेरिकेला जाऊन येऊ. प्रवास लांबचा आहे, पण शेवटी मी तुम्हाला याच हॉलमध्ये परत आणून सोडणार आहे.

माझे वडील नोकरीसाठी कलकत्त्यात आले आणि इथलेच झाले. मी शाळेत होतो त्या काळी चौरंगीवरच्या थिएटरांत रविवारी सकाळी जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. मेट्रो थिएटर तर खुद्द एम. जी. एम. कंपनीनं 1935 साली बांधलेलं. म्हणजे सिनेमा ज्या घरचा, थिएटरही त्याच घरचं. इंग्रजी फारसं कळत नव्हतं. पण एक माणूस भर पावसात छत्री मिटून नाचतो आणि पोलीस आल्यावर ओशाळून निघून जातो, हे कळायला इंग्रजी कशाला लागतं? 'सिंगिन् इन द रेन' मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. नंतर किती वेळा पाहिला ते सौभाग्यवतींना विचारा, त्यांनी मोजलंय.

ऑफिसातले माझे एक बंगाली सहकारी मला नेहमी म्हणत, "ही माणसं बोलता बोलता मधेच गायला का लागतात? खऱ्या आयुष्यात असं कुणी करतं का?" हा प्रश्न मराठी माणसाला पडू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं 1880 साली, तेव्हापासून आपले राजे, ऋषी, दूत सगळेच बोलता बोलता गाताहेत. गद्यात मावेनासं झालं की पद सुरू होतं. हॉलिवूडच्या चांगल्या संगीतपटाचाही हाच नियम आहे. पात्राला बोलणं पुरेनासं झालं की ते गातं, आणि गाणंही पुरेनासं झालं की नाचतं. हे जिथे जमलं ते सिनेमे टिकले. जिथे नुसती पिसांची टोपी घालून शंभर पोरी जिन्यावरून उतरल्या, ते आज बघवत नाहीत. (काही बघवतात. पण ते माझं खासगी मत आहे.)

आता फ्रेड अस्टेअर घ्या. त्याचा एक हट्ट होता. नाचताना कॅमेऱ्यात माणूस डोक्यापासून पावलांपर्यंत पूर्ण दिसला पाहिजे आणि मधे शक्य तितकं कमी तोडायचं. आताच्या गाण्यांत दर दोन सेकंदांनी चित्र बदलतं. एकदा कंबर, एकदा डोळे, एकदा डोंगर. त्यामुळे नाचणाऱ्याला नाच येतो की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही. अस्टेअरला लपायला जागाच नव्हती. 1936 च्या 'स्विंग टाइम'मध्ये शेवटी एक नाच आहे. त्याचे सत्तेचाळीस टेक झाले असं नोंदलेलं आहे. सोबत नाचणाऱ्या जिंजर रॉजर्सच्या पायांतून रक्त येऊन बूट भिजले. पडद्यावर मात्र दोघं वाऱ्याच्या झुळकीसारखी. मला वाटतं हे सिनेमे आपल्याला धरून ठेवतात त्याचं अर्धं कारण हेच. कष्ट झालेत हे आपल्याला आतून कळतं आणि ते दिसत मात्र नाहीत.

'सिंगिन् इन द रेन' 1952 चा. जीन केली आणि स्टॅन्ली डोनन या दोघांनी दिग्दर्शित केलेला. गंमत म्हणजे यातली बहुतेक गाणी जुनीच होती. निर्माते आर्थर फ्रीड पूर्वी गीतकार होते. नॅसिओ हर्ब ब्राऊन यांच्याबरोबर केलेली त्यांची वीस-बावीस वर्षांपूर्वीची गाणी पेटीत पडून होती. ती दोन लेखकांच्या हातात देऊन सांगितलं, यांच्याभोवती गोष्ट रचा. बेटी कॉमडेन आणि अडॉल्फ ग्रीन हे ते दोघे. त्यांनी विचार केला, गाणी ज्या काळातली, गोष्टही त्याच काळात घालू. म्हणजे मूकपट संपून बोलपट आले तो काळ. वरात आधी ठरली आणि नवरामुलगा नंतर शोधला, तरी लग्न असं लागलं की अजून संसार चालू आहे.

तो पावसाचा नाच चित्रित झाला तेव्हा केलीला एकशे तीन ताप होता. अंगात लोकरीचा सूट, वर नळांचा पाऊस. पाऊस कॅमेऱ्याला नीट दिसावा म्हणून त्याला मागून प्रकाश दिला होता. पाण्यात दूध मिसळलं होतं ही जी कथा सांगतात, ती सोडून द्या. नायिका डेबी रेनॉल्ड्स एकोणीस वर्षांची. तिला नाच येत नव्हता, जिम्नॅस्टिक्स येत होतं. एकदा ती पियानोखाली बसून रडत होती, तेव्हा शेजारच्या स्टुडिओतून आलेल्या अस्टेअरनं तिला उठवलं आणि आपली तालीम बघायला नेलं, हे तिनंच पुढे सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसालाही घाम फुटतो, तोही चुकतो, हे तिनं तिथे पाहिलं.

पण मला आज बोलायचंय ते या सिनेमाच्या गोष्टीबद्दल. मूकपटांची एक मोठी नटी असते, लिना लॅमाँट. दिसायला अप्सरा, आवाज मात्र फाटक्या पिपाणीसारखा. बोलपट आल्यावर पंचाईत होते. मग कॅथी नावाच्या नवख्या मुलीचा आवाज तिच्या तोंडी बसवतात. लिनाचा हट्ट असा की कॅथीचं नाव कुठेही येता कामा नये आणि तिनं जन्मभर असंच मागून गावं. शेवटी लोक लिनाला स्टेजवर गायला लावतात. ती पुढे नुसते ओठ हलवते, कॅथी पडद्यामागे माइकवर गाते, आणि नायक मंडळी दोर ओढून पडदाच वर घेतात. थिएटरात हशा आणि टाळ्या. कॅथीला न्याय मिळतो.

आता खरी गंमत ऐका. कॅथीचं काम करणारी डेबी रेनॉल्ड्स. लिनासाठी कॅथी जे हळुवार गाणं गाताना दिसते, ते डेबीनं गायलेलं नाही. ते बेटी नॉयस नावाच्या गायिकेनं गायलंय. आणि लिनाचे संवाद कॅथी सुधारून बोलते असं जे दाखवलंय, तो आवाज खुद्द लिना झालेल्या जीन हेगनचाच, कारण प्रत्यक्षात तिचा आवाज उत्तम होता! म्हणजे उसन्या आवाजाला न्याय मिळवून देणाऱ्या सिनेमातच आवाज उसना, आणि श्रेयनामावलीत बेटी नॉयसचं नाव नाही. मी हे वाचलं तेव्हा आधी हसलो. मग नाही हसू आलं.

तिथून मी या मागच्या गळ्यांच्या मागे लागलो, आणि एक नाव सारखं समोर येऊ लागलं. मार्नी निक्सन. 1930 साली जन्मलेली, शास्त्रोक्त पाश्चात्त्य संगीत शिकलेली, स्वराची पक्की. 1956 च्या 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा कर नायिका. तिची गाणी मार्नीनं गायली. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून तालमी करत. डेबोरा श्वास कुठे घेते, मान कशी वळवते ते बघून मार्नी आवाज लावायची. स्टुडिओनं मार्नीला बजावलं होतं, ही गोष्ट बाहेर फुटली तर या गावात पुन्हा काम मिळणार नाही. गोष्ट फुटली खरी. कुणी फोडली? खुद्द डेबोरा करनं! वार्ताहरांपुढे तिनं मार्नीचं नाव घेतलं. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो. नायिकेनं असं करायचं काही अडलेलं नव्हतं.

1961 ला 'वेस्ट साइड स्टोरी'. इथे नॅटली वुडला तिचाच आवाज ठेवणार असं भासवत ठेवलं. तिनं सगळी गाणी गायली, त्यांवर चित्रीकरण झालं, आणि मग मार्नीला बोलावून त्या हललेल्या ओठांवर नवा आवाज बसवायला सांगितलं. म्हणजे आधी रांगोळी काढून झाली आणि नंतर ठिपके द्यायचे. फसवणूक दोघींची झाली. त्या सिनेमाला दहा ऑस्कर मिळाली. मार्नीनं हक्काचे पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. शेवटी संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी आपल्या स्वतःच्या मानधनातला पाव टक्का तिच्या नावे करून दिला.

मग 1964 चा 'माय फेअर लेडी'. आपल्याला ही गोष्ट परकी नाही. शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन'वरून पु. लं.नी 'ती फुलराणी' लिहिलं, त्यावरचाच हा सिनेमा. रंगभूमीवर हे काम ज्युली अँड्र्यूजनं गाजवलेलं. पण निर्माते जॅक वॉर्नर यांना सिनेमासाठी मोठं नाव हवं होतं म्हणून ऑड्री हेपबर्नला घेतलं. तिनंही गाणी शिकून, गाऊन पाहिली. बहुतेक ठिकाणी आवाज पुन्हा मार्नीचाच बसवला. हे कळल्यावर ऑड्री सेट सोडून निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन तिनं सगळ्यांची माफी मागितली. पुढे ऑस्करच्या वेळी सिनेमाला आठ बक्षिसं. ऑड्रीला साधं नामांकनही नाही. आणि उत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर कुणाला? त्याच वर्षीच्या 'मेरी पॉपिन्स'साठी ज्युली अँड्र्यूजला! नाटककाराला असा अंक सुचला असता तर आपण म्हटलं असतं, फारच जुळवून आणलंय.

मार्नी निक्सनचं तोंड लोकांना शेवटी दिसलं ते 1965 च्या 'द साउंड ऑफ म्युझिक'मध्ये. मठातल्या नन्स मारियाबद्दल कुरकुर करत गातात, त्यांतली एक सिस्टर सोफिया. या वेळी चेहराही तिचा आणि गळाही तिचा. काम दोन-चार मिनिटांचं. घरी गेलात की जरूर बघा. त्याच सिनेमात कॅप्टनचं काम करणाऱ्या ख्रिस्तोफर प्लमरचं गाणं मात्र बिल ली या गायकाचं आहे, तेव्हा चक्र थांबलं होतं असं समजू नका. मार्नी 2016 साली गेली. ऑस्करच्या यादीत मागून गाणाऱ्यासाठी बक्षीस तेव्हाही नव्हतं, आजही नाही. 2021 मध्ये स्पीलबर्गनं 'वेस्ट साइड स्टोरी' पुन्हा काढला, त्यात मात्र नायिका स्वतःच गायली.

आपल्याकडे काय झालं? आधी ध्वनिमुद्रण आणि मागून चित्रीकरण ही युक्ती हॉलिवूडनं 1929 च्या 'द ब्रॉडवे मेलडी'त वापरली. हिंदीत पार्श्वगायन आलं ते 1935 च्या 'धूप छाँव'पासून, आणि तेही इथेच, आपल्या टॉलीगंजला, न्यू थिएटर्समध्ये, रायचंद बोराल यांच्या हाताखाली. आपण त्या रस्त्यानं बसमधून जातो आणि आपल्या लक्षातही येत नाही. सुरुवातीला आपणही काही फार शहाणे नव्हतो. 1949 च्या 'महल'मधल्या त्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? 'कामिनी'! म्हणजे पात्राचं नाव. लोकांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव घरोघर गेलं. पुढे फिल्मफेअरनं 1959 पासून पार्श्वगायनाला बक्षीस ठेवलं. इथे आपण हॉलिवूडच्या पुढे गेलो, हे अभिमानानं सांगतो.

पण मित्रहो, फार अभिमान नको. कारण आता मी तुम्हाला या हॉलमध्ये परत आणतो.

1979 साली आपल्या मंडळानं 'संगीत सौभद्र' केलं. जुन्या मंडळींना आठवत असेल. सुभद्रेचं काम ज्यांनी केलं त्या दिसायला देखण्या, पाठांतर चोख, पण सूर लागेना. तालमीत आठ दिवस गेल्यावर ठरलं की त्यांनी ओठ हलवायचे आणि पदं आमच्या शेजारच्या वहिनींनी विंगेतून म्हणायची. वहिनी नागपूरकडच्या, लहानपणी गाणं शिकलेल्या, इथे आल्यावर भजनापुरत्या उरलेल्या. प्रयोगाच्या रात्री त्या विंगेत पाटावर बसल्या होत्या, मांडीवर झोपलेलं धाकटं पोर. दुसऱ्या अंकात वन्समोअर आला. स्टेजवर सुभद्रेनं वाकून नमस्कार केला आणि वहिनींनी पोराला न हलवता पद पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

त्या वर्षी चिटणीस मी होतो. हस्तपत्रिका माझी, स्मरणिकेतली नावंही मीच लिहिली. तबला, ऑर्गन, रंगभूषा, प्रकाश, इतकंच काय, चहा देणाऱ्या मंडळींचीही नावं घातली. वहिनींचं घातलं नाही. सुभद्रेचं मन दुखावेल असं मला वाटलं. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. खुद्द सुभद्राबाईंनीही नाही. प्रयोगानंतर त्यांनी विंगेत जाऊन वहिनींना मिठी मारलेली मी पाहिली आहे. स्टुडिओनं बजावलं वगैरे मी मघाशी रागानं सांगत होतो, पण इथे स्टुडिओ मीच होतो.

भाषणाची तयारी करताना हे सारखं पुढे यायला लागलं, म्हणून परवा मी वहिनींना फोन केला. त्या आता मुलाकडे नागपूरला असतात. म्हटलं, "वहिनी, या वर्षी भाषणात तुमचं नाव घेतो, स्मरणिकेतही छापतो. चालेल ना?"

त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "आता कशाला, भाऊजी? नाव राहू द्या. त्या रात्री तिसऱ्या अंकात ऑर्गनवाल्यांनी माझी पट्टी अर्ध्या सुरानं चढवली होती, ती कुणाच्या सांगण्यावरून, तेवढं मला विचारून सांगा."

ऑर्गनवर होते ते आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. मी त्यांनाच माइक देतो.