न हटणारा नायटा आणि घराण्याचा वारसा

नायटा किंवा गजकर्ण हे दुखणे आपण सहसा दुखण्यात मोजीतच नाही. एखादे मलम चोळावे, कपडे उन्हात वाळवावेत आणि विसरून जावे, अशी आपली समजूत. ती आता खरी राहिलेली नाही. श्रोतेहो, सरकारी नोकरीच्या निमित्ताने मी ज्या काशीत राहतो, तेथील हिंदू विश्वविद्यालयाच्या डॉक्टरांनी नायट्याच्या 200 रुग्णांवर चार औषधे तपासली व 2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक औषध 50 जणांना दिले होते. आठ आठवड्यांत इट्राकोनॅझोलने 33 जण बरे झाले, फ्लुकोनॅझोलने 21, टर्बिनाफिनने 14 आणि एके काळी रामबाण मानलेल्या ग्रीसिओफल्विनने अवघे 7.

मग दोष कोणाचा? या साथीत तो पुष्कळसा बुरशीचा आणि आपला. बुरशी औषधांना पूर्वीसारखी दाद देत नाही; आणि डॉक्टरांना न विचारता आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे खाज थांबवितात, परंतु त्वचेची प्रतिकारशक्तीही दडपून टाकतात.

थोड्या घरांत मात्र प्रकार निराळा असतो. मूल तान्हे असल्यापासून जिभेवर पांढरा थर धरतो. औषधाने जातो आणि पुन्हा येतो. पुढे नखे जाड व वेडीवाकडी होतात. येथे बुरशी असते साधीच. कँडिडा नावाची ही बुरशी निरोगी माणसांच्या तोंडातही निरुपद्रवीपणे नांदते. उणीव असते ती शरीराच्या पहाऱ्यात.

काही पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-17 नावाच्या द्रव्याच्या रूपाने धोक्याचा निरोप धाडतात. तो मिळताच त्वचा आणि तोंडातील नाजूक अस्तर बुरशीनाशक प्रथिने तयार करतात व कुमक बोलावतात. 2011 साली असे दिसून आले की, काही घराण्यांत हा निरोप पुरेसा तयारच होत नाही, तर काहींत तो पोचूनही ऐकला जात नाही. स्टॅट-1 या जनुकाचा अतिरेकी उत्साह हे यामागचे एक प्रमुख कारण; हा दोष आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. कार्ड-9 या जनुकाचा दोष मात्र दोघांकडून यावा लागतो; म्हणून जवळच्या नात्यातील विवाहांत त्याचा संभव वाढतो. अल्जीरिया, ट्युनिशिया व मोरोक्को येथील 8 कुटुंबांतील 17 रुग्णांत हाच दोष सापडल्याचे 2013 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यात नायट्याची बुरशी कातडीखाली खोल उतरली होती. काही जण दगावलेही.

अशा मुलाच्या आईला आपण अस्वच्छ म्हणतो, नाही तर पूर्वजन्मीचे पाप काढतो. दोन्ही निवाडे अन्यायाचे आहेत. जनुके कोणी निवडून घेत नाही. मधुमेह, एचआयव्ही किंवा दीर्घकाळ घेतलेली औषधे ही नेहमीची कारणे डॉक्टरांनी आधी तपासावीतच. परंतु ती न सापडली आणि भावंडांत किंवा आईबापांत तोच त्रास असला, तर घराण्याची हकीकत त्यांना न लपवता सांगावी. निदान झाल्यास योग्य औषध दीर्घकाळ देता येते, पुढील धोक्यांवर लक्ष ठेवता येते. घराण्याची अब्रू जाईल या भीतीने गप्प राहिल्यास त्याची किंमत मुलालाच मोजावी लागते.