लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील : एका गृहस्थाचे पुण्यस्मरण
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगी दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या दिवशी धर्मगुरूंचे उपकार स्मरावे, मंदिर उभारणाऱ्यांचे ऋण मान्य करावे, हा आपला रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. ते कर्तव्य माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी पार पाडले आहे. मला एका खेडवळ गृहस्थाविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. ते आपल्या धर्माचे नव्हते. परंतु पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण ह्या भागात येऊन राहिलेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांचे मूळ ज्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, त्याच मातीत ते वाढले. लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील हे त्यांचे नाव. २७ एप्रिल १९८० रोजी ते निवर्तले.

विठ्ठलरावांचे शिक्षण मराठी चौथीच्या पुढे गेले नाही. घरी शेती, गाईगुरे, बायकामुले; कोणत्याही शेतकऱ्याचा असतो तसाच त्यांचा संसार होता. अशा माणसाने आपले घर सांभाळले, तरी जग त्याला भला माणूस म्हणते. परंतु आपल्या घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे, हे त्यांनी लवकर ओळखले. त्या काळी नगरच्या दुष्काळी मुलखात शेतकरी सावकाराच्या वहीत जन्मभर अडकलेला असे. बी-बियाण्यासाठी, लग्नकार्यासाठी काढलेले कर्ज बापाकडून मुलाकडे जाई आणि अखेरीस जमीनच हातची जाई. ह्यावर उपाय म्हणून १९२३ साली विठ्ठलरावांनी लोणीस सहकारी पतपेढी काढली.

पतपेढी काढली, हे सांगावयास एका वाक्याचे काम आहे. पण तिचा खरा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. १९०४ च्या आणि पुढे १९१२ च्या कायद्याप्रमाणे खेड्यातील पतपेढीच्या सभासदांची जबाबदारी सामान्यतः अमर्याद असे. म्हणजे एकाने कर्ज बुडविले, तर त्याची झळ इतर सभासदांच्या घरादारास लागावयाची. ज्याच्या पदरी मुलेबाळे आहेत अशा गृहस्थाने शेजाऱ्याच्या सचोटीवर आपल्या चुलीचा भरवसा ठेवावयाचा, असा तो करार होता. शेजाऱ्यावर प्रेम करणे ही गोष्ट प्रवचनात गोड लागते. पतपेढीच्या वहीत तिची कसोटी लागते.

पुढे १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. प्रवरेच्या कालव्यांनी पाणी आले, पाण्यामागून ऊस आला. तथापि साखरेचे कारखाने खासगी कंपन्यांचे होते. लहान बागाईतदार गूळ करी, आणि मंदीच्या वर्षांत गुळाचा भाव कोसळला की घामाचे मोलही हाती येत नसे. ऊस आपला, तर कारखानाही आपला का नसावा, हा प्रश्न विठ्ठलरावांनी धरला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांनी त्याला शास्त्राचे बळ दिले. मुंबई सरकारचे मंत्री वैकुंठभाई मेहता ह्यांनी पाठिंबा दिला. पण शेअरचा पैसा गोळा करावयाचा तो खेडोपाडी फिरून. कारखान्याच्या नादात जमीन जाईल, ही लोकांच्या मनातली धास्ती दारोदार जाऊन दूर करावी लागली. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरास पहिले गाळप झाले, आणि महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला.

येथे एक गोष्ट मला विशेष वाटते. अध्यक्षाच्या खुर्चीवर गाडगीळ बसले. ज्यांनी शेतकऱ्यांची मने वळविली, त्यांनी पहिला मान विद्वानास दिला. काम आपले आणि मान दुसऱ्याचा, हे सोसणे संसारी माणसास फार कठीण. पुढे १९६१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली, आणि १९६४ साली प्रवरानगरास शाळाही निघाली. म्हणजे उसाचा पैसा मुलांच्या अक्षरापर्यंत पोहोचला.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हा मार्ग परका नाही. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली श्रमिकांच्या प्रश्नावर परिपत्र काढून कामकऱ्यांच्या संघटनांचा हक्क मान्य केला. आपल्याच देशात, रांचीकडे, येशूसंघीय फादर हॉफमन ह्यांनी १९०९ साली छोटानागपूरच्या आदिवासी कॅथलिकांसाठी सहकारी पतपेढी उभारली. कारण सावकाराच्या हाती गेलेली जमीन केवळ उपदेशाने परत येत नाही, हे त्यांनी पाहिले होते.

परंतु स्तुतीच्या भरात सत्य झाकू नये. कारखान्याचा सभासद तो, ज्याच्या शेतात ऊस. ज्याला शेतच नाही, त्याला मजुरी मिळाली, पण मालकीत वाटा मिळाला नाही. ऊस तोडणारा कोयता हाती धरून रानोमाळ हिंडतच राहिला. आपल्या वाडवडिलांपैकी अनेक जण भूमिहीनांतलेच होते. म्हणूनच १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६० नंतर औद्योगिक वसाहत वाढली आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले, तेव्हा पोटासाठी गावे सोडून येणाऱ्यांत आपली माणसे होती. विठ्ठलरावांचे काम जेथे थांबले, तेथून पुढे नेण्याचा अधिकार आणि जबाबदारी म्हणूनच आपल्याकडे येते.

गावात बांधाला बांध लागून होता. भांडण झाले तरी ओळख तुटत नसे. येथे एका जिन्यावर दहा वर्षे राहून शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते. कंत्राटी कामगाराचे काम एका सांजेस सुटते, आणि मुलाची फी किंवा इस्पितळाचे बिल दाराशी उभे राहते. मग तो जुन्या सावकाराच्या नव्या अवताराकडे जातो. आजचा सावकार पगडी घालीत नाही. तो मोबाईलवरून कर्ज देतो आणि मोबाईलवरूनच अब्रू घेतो.

तेव्हा माझी एकच विनंती आहे. ह्या ज्युबिलीची आठवण केवळ रंगविलेल्या भिंतींत राहू नये. धर्मग्रामात बचतीचे लहान मंडळ निघावे. दरमहा प्रत्येक घराने झेपेल तेवढेच द्यावे. हिशेब सर्वांसमोर मोठ्याने वाचला जावा. खाते घरच्या गृहिणीच्या नावाने असावे. आणि ज्याच्यापाशी जमीन नाही, कायम नोकरी नाही, त्याला पहिली जागा मिळावी. ह्याला फार विद्या लागत नाही. चौथी शिकलेल्या माणसाने ते लोणीस करून दाखविले. आपल्या घरांत तर आता पदवीधर आहेत. लागतो तो एवढाच धीर, की शेजाऱ्याच्या अडचणीत आपलाही काही भाग आहे असे मानून वहीत आपले नाव लिहावे.

नाझरेथच्या सुताराचे घर हे आपल्या सर्व घरांचा कित्ता आहे. त्या घराच्या आश्रयाने आपली घरे एकमेकांस आधार देवोत, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.